टेस्टच्या नावांची तपासणी बिल्डमध्येच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथली कितीतरी मराठी मुले-मुली आज सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित टेस्ट लिहिण्याच्या नोकरीत आहेत. त्यांचे पगार आणि नोकरकपात यांबद्दल बरेच छापून येते, प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र क्वचितच. त्या कामातल्या एका लहान दिसणाऱ्या गोष्टीबद्दल हे पत्र आहे: टेस्टला नाव काय द्यावे आणि ते नीट दिले आहे की नाही हे कोणी पाहावे. आमचे म्हणणे असे की हे पाहण्याचे काम यंत्राला द्यावे. नाव ठरलेल्या नियमात बसत नसेल तर बिल्ड (कोड जुळवून टेस्ट चालवण्याची आपोआप होणारी फेरी) फेल व्हावा आणि कोड मर्ज होऊ नये, म्हणजे मुख्य कोडात मिसळला जाऊ नये. कुठल्याशा फाइलीत नियम लिहून ठेवल्याने आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या (कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याच्या) लक्षात येईल या भरवशावर राहिल्याने हे काम होत नाही.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक उदाहरण घेऊ. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे तिकीट आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. समजा, या नियमांनुसार भाडे काढणारा प्रोग्राम आपण लिहिला. त्यात कोणीही काही बदल केला की आधी लिहून ठेवलेल्या शेकडो टेस्ट आपोआप चालतात आणि जुने काही मोडले का ते सांगतात. बदल करणारा माणूस वेगळा, टेस्ट लिहिणारा वेगळा, आणि लिहिणारा बहुधा एव्हाना नोकरी बदलून गेलेला. बिल्ड लाल होतो, म्हणजे फेल होतो, आणि रिपोर्टमध्ये एवढीच ओळ दिसते: ‘टेस्ट_भाडे_३ फेल, अपेक्षित ०, मिळाले ६०’.

यातून काय कळले? काहीच नाही. आता त्याच टेस्टचे नाव असे असते तर: ‘टेस्ट_भाडे_७६_वर्षांच्या_महिलेला_निम्मे_नव्हे_मोफत’. (कोडमध्ये ही नावे सहसा रोमन लिपीत असतात, इथे वाचकांसाठी देवनागरीत दिली आहेत.) फाइल न उघडताच कळते की दोन सवलती एकाच प्रवाशाला लागू होतात, महिलांची सवलत आधी तपासली गेली आणि ज्येष्ठांची तपासणी मागे पडली. १२० रुपयांच्या तिकिटाचे ६० कसे झाले याचा उलगडा नावातच आहे. कोणत्या फाइलमधला कोणता क्रम बदलला ते शोधायला पाच मिनिटे पुरतात. पहिल्या नावावरून तेच शोधायचे म्हणजे टेस्ट उघडा, तिचा डेटा बघा, त्या डेटातली प्रवासी कोण ते वेगळ्या फाइलमध्ये शोधा, मग अपेक्षित उत्तर शून्यच का याचा अंदाज बांधा, असा सगळा प्रवास होतो.

चांगल्या नावात तीन गोष्टी असाव्यात: कशाची टेस्ट आहे, कोणत्या परिस्थितीत, आणि काय व्हायला हवे. ही त्रिसूत्री टेस्टिंगवर लिहिणारे रॉय ओशरोव्ह यांनी २००५ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी याच विषयावर लिहिणारे डॅन नॉर्थ यांनी टेस्टचे नाव पूर्ण वाक्यासारखे असावे हे आग्रहाने सांगितले. म्हणजे यात नवे काही नाही, वीस वर्षे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही ‘टीसी_०१’, ‘टीसी_०२’ अशी नावे आपल्याकडे का येत राहतात?

याचे मूळ आपल्या शिक्षणात आहे असे आम्हाला वाटते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत आणि विद्यापीठांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवले जाते. तिथे प्रात्यक्षिकाच्या वहीत टेस्ट केसचा तक्ता करायचा असतो: पहिल्या रकान्यात टेस्ट केस क्रमांक, मग वर्णन, पायऱ्या, इनपुट, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, पास की फेल. हाताने टेस्ट करताना हा तक्ता उत्तम आहे, कारण ‘टीसी_०१’च्या शेजारीच त्याचे वर्णन लिहिलेले असते. तोच विद्यार्थी नोकरीत जाऊन स्वयंचलित टेस्ट लिहायला लागला की पहिला रकाना तेवढा फंक्शनच्या (कोडमधल्या नाव दिलेल्या तुकड्याच्या) नावात जातो आणि वर्णनाचा रकाना एक्सेलमध्येच राहतो. रिपोर्टवर फक्त नाव छापले जाते. जे वाचायला हवे होते ते मागे राहिले आणि जे नसले तरी चालले असते ते पुढे आले. क्रमांक हवाच असेल तर त्याला दुसरी जागा आहे. पायटेस्टमध्ये (पायथॉन भाषेतल्या टेस्ट चालवणारे साधन) मार्कर आणि जेयुनिट ५ मध्ये (जावा भाषेसाठीचे तसेच साधन) टॅग, म्हणजे टेस्टला लावायच्या चिठ्ठ्या, त्यासाठी वापरता येतात. नाव माणसाने वाचण्यासाठी मोकळे ठेवावे.

क्रमांकाचा आणखी एक तोटा आहे. पायथॉनचे युनिटटेस्ट हे साधन एका क्लासमधल्या (एकत्र ठेवलेल्या फंक्शनांच्या गटातल्या) टेस्ट नावाच्या अक्षरक्रमाने चालवते. म्हणून ‘टेस्ट_१’ नंतर ‘टेस्ट_१०’ चालते आणि मग ‘टेस्ट_२’. ज्याने क्रमांक घातले त्याच्या मनात बहुधा ‘आधी लॉगिन, मग तिकीट, मग रद्द करणे’ असा क्रम असतो. नऊ टेस्टपर्यंत सगळे ठीक चालते आणि दहावी आली की घोटाळा होतो. खरा दोष अर्थातच टेस्ट एकमेकींवर अवलंबून असण्याचा आहे. क्रमांक तो दोष झाकून ठेवतात.

इथपर्यंतचे नुकसान वेळेचे झाले. याहून गंभीर प्रकार वेगळाच आहे आणि त्याची जाणीव अनुभवी लोकांनाही अनेकदा नसते. पुष्कळ साधनांत टेस्ट चालायची की नाही हेच नावावरून ठरते. नाव चुकले तर टेस्ट फेल होत नाही, ती चालतच नाही. आणि न चाललेली टेस्ट लाल दिसत नाही.

पायटेस्ट मुळात दोनच प्रकारच्या फाइली उघडते: ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या आणि ‘_टेस्ट’ने संपणाऱ्या. कोणी फाइलीला ‘बुकिंग_टेस्ट्स’ असे अनेकवचनी नाव दिले तर ती यातल्या कशातच बसत नाही. आतल्या चाळीस टेस्ट चालत नाहीत आणि बिल्ड हिरवा राहतो. फंक्शनच्या नावात ‘टेस्ट’ची दोन अक्षरे टाइप करताना उलटसुलट झाली तरी हेच होते. एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट ‘५’ हा एक्झिट कोड (बिल्डला बिघाड कळवणारा आकडा) देऊन थांबते खरे, पण शेजारच्या फाइलींतल्या बाकीच्या टेस्ट सापडत असतील तर ते अवाक्षर काढत नाही.

जावामध्ये मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाचे टेस्ट चालवणारे अंग, शुअरफायर, क्लासच्या नावावर चालते. नावाच्या सुरुवातीला ‘टेस्ट’ किंवा शेवटी ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’, ‘टेस्टकेस’ असेल तरच ते क्लास उचलते. ‘भाडेस्पेक’ किंवा ‘भाडेचेक’ नावाचा क्लास एडिटरमध्ये उजवी क्लिक करून चालवला की व्यवस्थित चालतो, कारण एडिटर नाव पाहत नाही, अॅनोटेशन (कोडमध्ये ‘ही टेस्ट आहे’ असे सांगणारी खूण) पाहतो. म्हणून लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही. सर्व्हरवर मात्र तो क्लास कधीच चालत नाही. इंटिग्रेशन टेस्टसाठी (अनेक भाग एकत्र जोडून करायच्या टेस्टसाठी) असलेल्या फेलसेफचे नियम आणखी वेगळे: तिथे ‘आयटी’ने सुरुवात किंवा शेवट, नाहीतर शेवटी ‘आयटीकेस’ लागते. दोन्हींपैकी एकातही न बसणारे क्लास मधल्या मध्ये राहतात.

गो भाषेत फंक्शनचे नाव ‘टेस्ट’ने सुरू होऊन लगेचचे पुढचे अक्षर स्मॉल लिपीतले असेल तर ते टेस्ट धरले जात नाही. २०२५ मध्ये आलेल्या गो १.२४ पासून ‘गो टेस्ट’ चालवतानाच अशा नावाबद्दल तक्रार येते. भाषेच्या कर्त्यांनीच ही तपासणी नेहमीच्या कमांडमध्ये घातली याचे आम्हाला समाधान आहे. आम्ही सगळीकडे जे मागतो आहोत ते हेच.

पायथॉनमधली सगळ्यात वाईट चूक दुहेरी नावाची. एक टेस्ट कॉपी करून खाली चिकटवली, आतला डेटा बदलला, नाव बदलायचे राहिले. एकाच फाइलमध्ये एका नावाची दोन फंक्शने झाली की पायथॉन दुसरे ठेवते आणि पहिले पुसून टाकते, तेही एक शब्द न बोलता. पहिली टेस्ट फाइलमध्ये दिसते, रिव्ह्यूत दिसते, पण चालत कधीच नाही. जावा आणि गोमध्ये हे कंपाइललाच, म्हणजे कोड चालण्याआधीच, अडते. जावास्क्रिप्टच्या जेस्ट या साधनात नाव म्हणजे साधी अक्षरमाला असते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन्ही टेस्ट चालतात, पण फेल कोणती झाली ते रिपोर्टवरून ओळखता येत नाही.

आता उपाय. ज्या चमूला उद्यापासून सुरुवात करायची आहे त्यांनी सगळ्यात आधी तयार लिंटरचे (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या साधनांचे) नियम चालू करावेत, कारण त्यांना काही लिहावे लागत नाही. पायथॉनसाठी रफ किंवा फ्लेक८ मधला एफ८११ हा नियम दुहेरी नावे पकडतो. केवळ एवढा एक नियम लावला तरी पुष्कळ जुन्या प्रकल्पांत पुसल्या गेलेल्या टेस्ट सापडतील. त्या पुन्हा चालू केल्या की काही फेल होतील. तेव्हा घाबरून नियम बंद करू नये, कारण त्या फेल होणाऱ्या टेस्ट खरे काहीतरी सांगत असतात. जेस्टसाठी ईएसलिंट या लिंटरच्या जेस्ट प्लगइनमध्ये एकसारखी नावे नाकारणारा नियम आहे, आणि ‘व्हॅलिड-टायटल’ या नियमात नाव कोणत्या साच्यात बसले पाहिजे आणि कोणते शब्द चालणार नाहीत हे दोन्ही देता येते. रुबी भाषावाल्यांसाठी रुबोकॉप या लिंटरच्या आरस्पेक विस्तारात वर्णनातला निरर्थक ‘शुड’ पकडणारा नियम तयार आहे.

जावात एक अडचण येते, ती आधी सांगून ठेवतो. चेकस्टाइल या जावाच्या लिंटरचा मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) नावाचा मूळ नियम अंडरस्कोअर (_) चालू देत नाही. तीन भागांचे नाव अंडरस्कोअरशिवाय वाचणे त्रासाचे असते, म्हणून लोक टेस्टच्या फोल्डरवर चेकस्टाइलच बंद करून टाकतात आणि मग तिथे कोणताच नियम उरत नाही. तसे करू नये. टेस्ट फोल्डरला वेगळी कॉन्फिग (नियमांची फाइल) द्यावी आणि तिच्यात वेगळा साचा घालावा. क्लासच्या नावासाठी आर्कयुनिट या साधनाने एक छोटा नियम लिहिता येतो: ज्या क्लासमध्ये टेस्टचे अॅनोटेशन असलेली मेथड आहे, त्याचे नाव ‘टेस्ट’ किंवा ‘आयटी’ने संपलेच पाहिजे. वर सांगितलेल्या ‘भाडेस्पेक’सारख्या हरवलेल्या क्लासचा बंदोबस्त यातून होतो. फक्त हा नियम ज्या क्लासमध्ये लिहिला, त्याचे स्वतःचे नाव शुअरफायरला दिसेल असे ठेवा!

पायटेस्टमध्ये कॉन्फटेस्ट या सेटिंगच्या फाइलमधल्या हुकने (ठरलेल्या क्षणी आपोआप चालणाऱ्या फंक्शनने) सगळ्या टेस्ट गोळा झाल्यावर त्यांची नावे तपासता येतात. दहा-बारा ओळींचे काम आहे: प्रत्येक टेस्टचे मूळ नाव घ्यायचे, रेग्युलर एक्सप्रेशनशी (अक्षरांच्या साच्याशी) ताडायचे, बसत नसेल तर यादी छापून थांबायचे. मूळ नाव मुद्दाम म्हटले, कारण पॅरामीटर दिलेल्या (वेगवेगळ्या डेटावर पुन्हा पुन्हा चालणाऱ्या) टेस्टच्या पूर्ण नावाला चौकटी कंसातली शेपटी असते आणि ती साच्यात बसत नाही. आमचा साचा साधा आहे: ‘टेस्ट_’ नंतर किमान चार शब्द. त्याशिवाय नकोशा शब्दांची यादी: वर्क्स, प्रॉपर, करेक्ट, बेसिक, मिसलेनियस, न्यू, फायनल. ‘टेस्ट_लॉगिन_वर्क्स_प्रॉपरली’ हे नाव कोणालाही काही सांगत नाही.

पण या हुकची एक मर्यादा ध्यानात घ्या. गोळा झालेल्या टेस्टच त्याच्यासमोर येतात. जी टेस्ट नावामुळे गोळाच झाली नाही ती याला दिसणार कशी? तिच्यासाठी दोन वेगळे उपाय लागतात. पहिला: टेस्ट फोल्डरातल्या सगळ्या पायथॉन फाइली पायथॉनच्याच एएसटी मॉड्यूलने (कोडची रचना उलगडणाऱ्या भागाने) वाचायच्या आणि ज्या फंक्शनच्या आत ‘असर्ट’ (अपेक्षित उत्तर ताडणारी ओळ) आहे पण नाव ‘टेस्ट_’ने सुरू होत नाही त्याला अडवायचे. मदतनीस फंक्शनांची नावे ‘असर्ट_’ने किंवा अंडरस्कोअरने सुरू करायची असे ठरवले की त्यांना सूट देता येते. दुसरा: ‘--कलेक्ट-ओन्ली’ आणि ‘-क्यू’ हे पर्याय देऊन पायटेस्टकडून टेस्टची यादी काढायची, मुख्य शाखेवरच्या (मर्ज झालेल्या कोडच्या) यादीशी तुलना करायची आणि नाहीशी झालेली नावे पुल रिक्वेस्टवर (कोड मर्ज करण्याच्या विनंतीवर) छापायची. नुसता आकडा ताडून भागत नाही. एक टेस्ट गेली आणि एक नवी आली तर आकडा तोच राहतो.

पॅरामीटरच्या शेपटीबद्दल थोडे अधिक. एकाच टेस्टला दहा प्रवाशांचा डेटा दिला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर पायटेस्ट ऑब्जेक्टना ‘प्रवासी०’, ‘प्रवासी१’ अशी नावे देते. म्हणजे दारातून घालवलेला क्रमांक खिडकीतून परत आला. प्रत्येक ओळीला आयडी द्यावा: ‘६४_वर्षे_पूर्ण’, ‘६५_वर्षे_पूर्ण’, ‘७५_वर्षे_पूर्ण’, ‘७६_महिला’. चुका नेहमी सीमेवर होतात, तेव्हा सीमा नावात दिसलीच पाहिजे.

जुन्या कोडचे काय, हा प्रश्न लगेच येतो. पाच हजार टेस्ट असतील तर पहिल्या दिवशी सगळा बिल्ड लाल होईल आणि दुसऱ्या दिवशी नियम काढून टाकला जाईल. म्हणून आजच्या सगळ्या नियमबाह्य नावांची यादी एका फाइलमध्ये ठेवावी आणि तेवढ्यांना सूट द्यावी. यादीत नवे नाव घालता येणार नाही, काढता मात्र येईल. ज्या फाइलला हात लागला तिच्यातली नावे त्या निमित्ताने सुधारावीत. नावबदलाचा कमिट (कोडमध्ये एकदम नोंदवलेला बदल) वेगळा ठेवावा. नाव आणि टेस्टमधला तर्क एकाच वेळी बदलले की रिव्ह्यू करणाऱ्याला काय बदलले ते कळत नाही.

नाव बदलण्यापूर्वी ते आणखी कुठे वापरले आहे ते शोधणे अत्यंत आवश्यक आहे. रात्री चालणाऱ्या स्क्रिप्ट पुष्कळदा नावाचा तुकडा देऊन ठरावीक टेस्ट निवडतात. नाव बदलले की तो तुकडा जुळत नाही. शुअरफायरला टेस्टचे नाव सांगितले आणि एकही सापडली नाही तर ते बिल्ड फेल करते, हे योग्यच. गोमध्ये मात्र नावाने टेस्ट निवडणाऱ्या ‘-रन’ या पर्यायाला काहीच जुळले नाही तर ‘चालवायला टेस्ट नाहीत’ अशी सूचना येते आणि निकाल ‘ओके’ लागतो. कितीतरी दिवस काहीही न तपासता सगळे ठीक आहे असे वाटत राहू शकते. वगळलेल्या टेस्टच्या याद्या आणि अधूनमधून फेल होणाऱ्या टेस्टचा इतिहास हेसुद्धा नावावरच टांगलेले असतात.

मराठीतून नावे द्यावीत का? आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण जमीन महसूल किंवा सहकारी पतसंस्था यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सातबारा, फेरफार, वारसनोंद, ठेवतारण असे शब्द येतातच आणि त्यांचे इंग्रजी करताना अर्थ निसटतो. ते शब्द तसेच ठेवावेत. मात्र रोमन लिपीत लिहायचे तर स्पेलिंग एकच ठरवावे. एकाने ‘फेरफार’ एफने लिहिले आणि दुसऱ्याने पीएचने, तर शोधताना निम्म्या टेस्ट सापडत नाहीत. पंधरा-वीस शब्दांची कोशयादी नियमांच्या पानावरच असावी. देवनागरीतून थेट लिहायचे तर पायथॉन ३ मध्ये काना-मात्रांसह फंक्शनचे नाव चालते. गोमध्ये सुटी अक्षरे चालतात, पण मात्रा, वेलांटी, उकार नावात चालत नाहीत, म्हणून ‘मोफत’ हा शब्दही लिहिता येत नाही. जेयुनिट ५ मध्ये ‘डिस्प्ले नेम’ देऊन रिपोर्टवर पूर्ण मराठी वाक्य छापता येते, आणि जिथे रिपोर्ट खात्यातले अधिकारी वाचणार आहेत तिथे ते जरूर करावे. पायटेस्टमध्ये पॅरामीटरचे आयडी मराठीत दिले तर ते युनिकोडच्या आकड्यांच्या रूपात छापले जातात आणि वाचता येत नाहीत. ते थांबवणारी सेटिंग आहे, पण ती वापरल्यास समुदायाकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका, असे तिच्या लांबलचक नावातच लिहिलेले आहे. तेवढ्यापुरते रोमन आयडी बरे.

यंत्राला सगळे जमत नाही हेही आम्ही जाणतो. नावाचा आकार त्याला कळतो, खरेखोटेपणा कळत नाही. नाव ‘मोफत’ म्हणते आणि आतला ‘असर्ट’ निम्मे भाडे तपासतो, म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे माणसानेच पकडायचे. असे बहुतेक वेळा नियम बदलल्यावर होते: अपेक्षित आकडा बदलला जातो, नाव जुनेच राहते. म्हणून रिव्ह्यू करणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. ज्या बदलात ‘असर्ट’ची ओळ बदलली आहे तिथे वर जाऊन नाव पुन्हा वाचावे. आकाराची कटकट यंत्राने उचलली की अर्थ वाचायला माणसाला वेळ मिळतो.

सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आमची एक विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या तक्त्यात क्रमांकाचा रकाना राहू द्या, पण स्वयंचलित टेस्ट लिहायला सांगाल तेव्हा वर्णनाचा रकाना फंक्शनच्या नावात आणायला लावा आणि त्याला गुण ठेवा. तपासताना कोड झाकून केवळ फेल झालेल्या टेस्टची यादी शेजारच्या विद्यार्थ्याला वाचायला द्या. काय मोडले ते त्याला सांगता आले तर पूर्ण गुण द्या.

आपले नम्र,
स्वयंचलित टेस्टिंगमध्ये काम करणारे काही अभियंते,
पुणे